दिवसभराचा पास

परवा व्हिडिओवर तुम्ही दोघं भावंडं माझ्यासमोरच भांडलात. सुटीत ज्या शहरात फिरायला जाणार आहात तिथं तीन दिवसांचा पास घ्यावा, बस, ट्राम, नाव सगळं त्यात येतं, असं अनीशचं म्हणणं. मैत्रेयी म्हणत होती, आपण निम्म्या ठिकाणी पायीच जाणार, मग सुटी तिकिटंच बरी. तुमच्या आईनं हसत फोन तुमच्या हातून घेतला आणि म्हणाली, आजीला विचारा, स्वस्तात शहर कसं फिरायचं ते तिच्याइतकं कोणाला कळत नाही. ती चुकीचं बोलली नाही. अजूनही इथं नागपुरात मनीषनगरातून बर्डीच्या बाजारात जायचं तर मेट्रोनं जावं की बसनं, आणि किती वाजता, हे मी आदल्या दिवशी ठरवून ठेवते. माझ्या पर्समध्ये कार्ड, सुटे पैसे आणि चष्मा यांचे कप्पे ठरलेले आहेत. पण त्या दिवशी मी "विचार करून सांगते" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला चौदाव्या वर्षी अगदी नक्की माहीत होतं. ते कसं नाहीसं झालं ते लिहिते. पानं नेहमीसारखी पोस्टानं येतील. पाठची बाजू कोरी सोडून मी टपालाचं वजन वाढवते अशी तुमच्या आईची जुनी तक्रार आहे. तिला म्हणावं, चालू दे.

आमचं घर सक्करदऱ्याला होतं, तलावापासून दोन गल्ल्या आत. दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात कडुनिंब. बाबा एका छापखान्यात बाइंडर होते. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास यायचा, आंबूस आणि थोडासा गोड, आणि जेवताना तो वरणाच्या वासात मिसळायचा. त्यांना वाकडी कड सहन होत नसे. दारावरचा पडदा, भिंतीवरची तसबीर, माझ्या वहीचं कव्हर, सगळं ते एक डोळा मिटून बघायचे आणि मग बोटानं सरळ करायचे. भाकरीचे चार तुकडे करायचे तेही असे की आई म्हणायची, आता यांना पुठ्ठा चिकटवा आणि शिवा. माझा नीटनेटकेपणा तुम्ही थट्टेवारी नेता, तो त्यांच्याकडून आलेला आहे. छापखान्यातली पुठ्ठ्याची कातरणं ते घरी आणायचे. मी ती मापाप्रमाणं लावून एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची. कागद वाया घालवणं आमच्या घरात अन्न टाकण्यासारखं होतं. कागदाला दोन बाजू असतात आणि दोन्ही वापरायच्या असतात, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं.

मी मिशनच्या शाळेत जात होते. आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी पहिली, आणि बाबांना त्याचा इतका अभिमान होता की मला कधीकधी लाज वाटायची. कोणी पाहुणा आला की औषधाची बाटली, बिस्किटाचा डबा, जे हाताला लागेल ते ते माझ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, वाच. मी वाचायची. पाहुण्याला काही कळायचं नाही, बाबांनाही नाही. दोघं समाधानानं मान हलवायचे.

दसरा जवळ आला की आमचं घर आमचं राहत नसे. बाबांचं गाव वणीकडचं. तिथली माणसं दीक्षाभूमीवर यायची आणि नागपुरात त्यांना आमच्याशिवाय दुसरं दार माहीत नव्हतं. एका वर्षी खोल्या आणि अंगण मिळून सव्वीस माणसं झोपली होती. अजनी स्टेशनवर उतरून ती डोक्यावर गाठोडी घेऊन चालत यायची. गाठोड्यांत ज्वारीच्या कडक भाकरी, जवसाची चटणी, लाल मिरचीचा ठेचा. आई दोन मोठ्या गंजांत तुरीचं वरण शिजवायची आणि स्टोव्हची भरभर दिवसभर थांबत नसे. त्या आवाजावर लेकरांचं रडणं, बांगड्या, म्हाताऱ्यांचा खोकला, आणि अंगणात कोणीतरी खंजिरीवर धरलेलं गाणं. आज आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी फ्रीजचा आवाज ऐकू येतो. तेव्हा मला ती गर्दी नकोशी व्हायची, हेही लिहून ठेवते.

या माणसांना दीक्षाभूमी झाल्यावर शहर पाहायचं असायचं. कोणाला अजबबंगल्यातला, म्हणजे म्युझियममधला, मेलेला वाघ बघायचा असे, कोणाला महाराजबागेतला जिवंत, कोणाला मेडिकलच्या इस्पितळात डोळे दाखवायचे असत. रिक्षा परवडणारी नव्हती. बाबा कामावर. म्हणून अकराव्या-बाराव्या वर्षापासून हे खातं माझ्याकडे आलं. कोणाला कुठं जायचं ते मी आदल्या दिवशी विचारून घ्यायची, कोणती बस कुठं बदलायची ते ठरवायची आणि पुठ्ठ्याच्या कातरणावर चिठ्ठी करून द्यायची. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. मी त्यावर बसचा नंबर जाड शाईनं मोठा काढायची. बर्डीच्या स्टँडवर उभं राहायचं, चिठ्ठी डोळ्यांसमोर धरायची, बसच्या कपाळावर तसंच चित्र दिसलं की चढायचं. आकडा हा त्यांच्यासाठी आकडा नव्हता, तुळशीवृंदावनासारखं किंवा बैलासारखं एक चित्र होतं. चिठ्ठीच्या एका बाजूला जायची बस, दुसऱ्या बाजूला घरी परत यायची. गावचे एक म्हातारे दर वर्षी म्हणायचे, "आता गयात घंटी बांधाची राह्यली फक्त, बैलावानी." पण चिठ्ठी मात्र मुंडाशात नीट खोचून ठेवायचे. तीन वर्षांत एकही माणूस हरवला नव्हता. शाळेतल्या गुणांपेक्षा मला त्याचा गर्व जास्त होता.

त्या वर्षी सखूआत्या आली. बाबांची थोरली बहीण. आजवर दर दसऱ्याला तिचे यजमान यायचे, ती घर राखायला मागं राहायची. यंदा त्यांचा पाय मोडला होता म्हणून गावच्या बायकांबरोबर ती आली, पहिल्यांदाच. उंच, हाडकुळी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. आम्ही गावी जायचो तेव्हापासून तिची एक सवय मला फार आवडायची. कोणतीही वस्तू हातात घेतली की ती आधी वास घ्यायची. भाजीत मीठ कमी पडलंय हे ती गंजावर वाकून सांगायची आणि आई खरंच चमचाभर मीठ टाकायची. माझ्या वहीचाही तिनं वास घेतला आणि म्हणाली, भावाचाच वास येते.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, अंधारात पोचल्यावर तासाभरातच, ती माझे केस विंचरायला बसली. अंगणात आम्ही दोघीच एका बाजूला होतो. माझी पाठ तिच्याकडं, त्यामुळं तिचा चेहरा मला दिसत नव्हता. तेल चोळता चोळता तिनं अगदी हळू विचारलं, "सुमे, तुले लकडगंज माहीत हाय का वं?"

मी म्हणाले, हाय, काहून? मग तिनं सांगितलं. तिचा एकुलता एक मुलगा, आमचा देवरावदादा, लकडगंजात एका आरामशीनवर लाकूड कापायच्या कामावर होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं नवऱ्यानं टाकलेल्या एका बाईशी लग्न केलं, आणि आत्याच्या यजमानांनी त्याला घराचं दार बंद केलं. मेहुण्याच्या शब्दाखातर बाबांनीही आमच्या घरात त्याचं नाव घेणं थांबवलं होतं. बाबा कठोर नव्हते. पण त्यांनी एकदा ठरवलं की ते शिवलेल्या पुस्तकासारखं असे, मधलं पान काढता येत नसे. गावाहून सागवान घेऊन लकडगंजात येणाऱ्या ट्रकवरच्या एका ओळखीच्या माणसानं आत्याला निरोप आणला होता. देवरावला मुलगी झाली, तीन महिन्यांची आहे. भिलाईकडं मोठं काम निघालंय, दसऱ्याच्या संध्याकाळच्या गाडीनं तो बायको-मुलीला घेऊन कायमचा तिकडं जातोय. दसऱ्याला मशीन बंद असते. तो फाटकाशी बसून राहील, चार वाजेपर्यंत. माय आली तर बरं, नाही आली तरी तो राग धरणार नाही.

"तुह्या बापाले सांगजो नोको," आत्या म्हणाली. "तो अन् आमचा बुढा एकाच तोंडानं बोलते." मग तिनं गाठोड्यातून एक दुपटं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. तिच्याच दोन जुन्या लुगड्यांचं, हिरवं आणि कुंकवाच्या रंगाचं, बारीक धावदोऱ्यानं शिवलेलं आणि कडेला त्रिकोणांची रांग. टाके इतके सरळ होते की बाबांनी बघितले असते तर एक डोळा मिटला असता. मी म्हणाले, मी तुले घेऊन जातो. त्या वयात घरी आम्ही मुलीसुद्धा असंच बोलायचो. मी तिला तसा शब्द दिला, तो तुम्ही नीट लक्षात ठेवा.

आता पासाबद्दल. सणाच्या त्या दोन-तीन दिवसांत बसवाले दिवसभराचा एक पास विकायचे. जाड गुलाबी कागद, त्यावर गोल शिक्का. तो दाखवला की शहरातल्या कोणत्याही बसमध्ये कितीही वेळा बसता यायचं. नाहीतर दर बसला वेगळं तिकीट. मला शाळेचा पास होताच, प्रश्न आत्याचा होता. जाणं, येणं, बर्डीला बदलणं धरलं तर सुट्या तिकिटांपेक्षा पास किंचित महाग पडत होता. मी बराच विचार केला. आणि पास निवडला, कारण त्यात बोलावं लागत नाही. आत्या शहरी माणसाशी बोलताना घाबरायची, पदर तोंडाशी घ्यायची. पास असला की कंडक्टरशी बोलायला नको, सुटे शोधायला नकोत, गर्दीत गाठ सोडायला नको. शिवाय मी तिला सांगितलं, चुकलो तरी नुकसान नाही, उतरायचं आणि दुसऱ्या बसमध्ये बसायचं. हे वाक्य मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन म्हटलं होतं. सवयीनं तिचीही चिठ्ठी केली, गर्दीत हात सुटला तर असावी म्हणून. एका बाजूला चोवीस, ती बर्डीहून लकडगंजला जाणारी. दुसऱ्या बाजूला अकरा, ती बर्डीहून सक्करदऱ्यावरून पुढं दिघोरी नाक्यापर्यंत जाणारी, घरी परतायची. लकडगंजचा थांबा कसा ओळखायचा ते मात्र मी लिहिलं नाही, तोंडानं सांगितलं. तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाकूडच लाकूड आहे. खिडकीतून कापलेल्या सागवानाचा वास आला की उतर. आत्या हसली. म्हणाली, नाकाचं काम असन त मी चुकत नाही.

सकाळी लवकर आम्ही सगळे गल्ल्यागल्ल्यांतून चालत दीक्षाभूमीवर गेलो. पांढरे कपडे, निळे झेंडे, धूळ, पुस्तकांची दुकानं, पाण्याच्या रांगा. आत्या हात जोडून इतका वेळ उभी राहिली की मला तिला हलवावं लागलं. बाराच्या सुमारास मी तिला गर्दीतून बाहेर काढलं. बसच्या थांब्यावर पास घेतला आणि तिच्या हातात दिला. तेवढ्यात बाबा आले, घामेजलेले, चप्पल हातात. छापखान्यातल्या लोकांनी पुस्तकांचा मांडव घातला होता, तिथं सिलोनहून आलेले एक भन्ते बसले होते. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं. बाबा म्हणाले, "चाल सुमन, भन्तेजीसंगं इंग्रजीत बोलाचं हाय. मी सांगून आलो सगळ्याइले, माही पोरगी येते म्हणून."

मी आत्याकडं बघितलं. ती लगेच म्हणाली, जा वं, जा. मला 'येत नाही' म्हणता आलं असतं. पोट दुखतंय म्हणता आलं असतं. आत्याला आधी सोडून येते, असंही म्हणता आलं असतं, बाबांनी कारण विचारलं असतं तर एखादं सुचलं असतं. इतक्या वर्षांत मी अशी डझनभर वाक्यं तयार केली आहेत. खरं एवढंच आहे की मला जायचं होतं. औषधाच्या बाटल्या वाचून मी कंटाळले होते, आणि पहिल्यांदाच असा माणूस समोर येणार होता ज्याला माझं इंग्रजी कळलं असतं. बाबा थोडं पुढं गेले तेव्हा मी आत्याला बर्डीच्या बसमध्ये बसवलं आणि खिडकीतून सगळं पुन्हा समजावलं. शेवटी सगळे उतरतील तिथं उतर. मग चिठ्ठी काढ. वरची बाजू जायची, खालची यायची. तिनं ती घडी करून पदराच्या टोकाला बांधली. दुपटं छातीशी धरलं होतं.

"मी चुकन त नाही न वं?" तिनं विचारलं.

"पास हाय न तुह्यापाशी," मी म्हणाले, आणि पळाले.

भन्ते वयस्कर होते, शांत होते. नाव विचारलं, इयत्ता विचारली, मोठी झाल्यावर काय होणार ते विचारलं. मी शिक्षिका म्हणाले. भोवती माणसं जमली. मी बोलत होते आणि बाबा माझ्या मागं उभे राहून लोकांच्या तोंडाकडं बघत होते. मग भन्त्यांना लोकांचं आणि लोकांना भन्त्यांचं म्हणणं सांगायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी तीन वाजेपर्यंत ते करत राहिले. निघताना त्यांनी मला एक पिंपळाचं पान दिलं. इतका आनंद मला त्यानंतर क्वचित झाला असेल. त्या तीन तासांत आत्याची आठवण मला एकदा आली, आणि आता ती पोचली असेल, असं वाटून मी पुन्हा बोलायला लागले.

दिवेलागणीला घरात सगळे जमले, आत्या नव्हती. आई वरण ढवळता ढवळता दाराकडं बघत होती. बाबा सायकल काढून निघायच्या बेतात होते तेवढ्यात गल्लीतून ती आली. तिच्याबरोबर एक किडकिडीत कंडक्टर, गळ्यात अजून तिकिटांची पेटी. चिठ्ठीवर मी बाबांचं नाव आणि गल्ली बारीक अक्षरात लिहिली होती, ती वाचून तो तिला घेऊन आला होता. भला माणूस. त्यानं बाबांना सांगितलं, "हे बाई दुपारपासून माह्या गाडीत बसून हाय. दिघोरी नाका आला, उतरली नाही. बर्डी आली, उतरली नाही. पास होता, म्हणून म्या काई विचारलं नाही. मले वाटलं शहर पाहून राह्यली. आजच्या दिवशी लय लोक असेच फिरते."

बाबांनी विचारलं, "काहून वं बाई, कुठं जाचं होतं तुले?"

आत्यानं माझ्याकडं एकदाच बघितलं. "कुठं नाही गा," ती म्हणाली. "नागपूर पाह्यलं. लय तलाव हाय बापा तुमच्या गावात. तीन त मीच पाह्यले."

सगळे हसले. बाबासुद्धा. तलाव एकच, आमचाच, तीनदा पाह्यला, असं कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसू झालं. घंटीवाले म्हातारे म्हणाले, मी सांगत नव्हतो का. आईनं मात्र हसणं मध्येच थांबवलं आणि आत्याला ताट वाढलं. आत्यानं पहिला घास नाकाशी न नेता तोंडात घातला. ते मी बघितलं.

जेवणानंतर ती कडुनिंबाखाली बसली होती. मी जवळ गेले तर तिनं मूठ उघडून चिठ्ठी माझ्या हातावर ठेवली. पुठ्ठा घामानं मऊ झाला होता. अकराचा आकडा तिच्या अंगठ्यानं जवळजवळ पुसला गेला होता. पाठीमागचा चोवीस जसाच्या तसा, काळा कुळकुळीत. पदराची गाठ सोडली तेव्हा जी बाजू वर आली ती तिनं वरची धरली होती. दुसरं काय करणार होती ती? तिच्यासाठी दोन्ही चित्रंच होती. वरची आणि खालची बाजू ही मला कळणारी गोष्ट होती. तिनं अकरा नंबर बरोबर ओळखला, बरोबर बसमध्ये चढली, आणि माझ्या सांगण्याप्रमाणं वासाची वाट बघत बसली.

"नाक लावून बसली होती खिडकीले," ती म्हणाली. "पाण्याचा वास आला, शेणाचा आला, भज्याचा आला. लाकडाचा आलाच नाही वं."

तेव्हा मला ते कळलं जे सांगायला मी ही पानं लिहिते आहे. तिच्याकडं पास नसता तर चढल्याबरोबर कंडक्टरनं तिकिटं टोचायचा चिमटा वाजवत विचारलं असतं, कुठं जाचं? ती पदराआडून म्हणाली असती, लकडगंज. तो म्हणाला असता, चुकली तुमी, उतरा. अर्ध्या मिनिटाचं काम. तो प्रश्न तिला विचारला जाऊ नये एवढ्यासाठीच मी पास निवडला होता.

दुपटं तिनं माझ्याकडं दिलं. गावी नेलं असतं तर यजमानांनी विचारलं असतं. "तुह्यापाशी ठेव. त्याचा पत्ता लागला त देजो." ती रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, रडता तरी आलं असतं. उलट तिनं विचारलं, भन्तेजी काय म्हणाले? मी पिंपळाचं पान दाखवलं. तिनं त्याचा वास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गावच्या बायकांबरोबर निघून गेली. त्याच दुपारी मी शाळा बुडवून लकडगंजला गेले, चोवीस नंबरनं. खरंच, थांब्याच्या कितीतरी आधीपासून सागवानाचा वास येत होता, डोळे मिटूनही कळलं असतं. आरामशीनच्या चौकीदारानं सांगितलं, देवराव फाटकाजवळच बसून होता. पोरीला आंघोळ घालून, काजळ लावून मांडीवर घेतली होती. बायको घाई करत होती, तरी तो चारनंतरही थांबला. मग गेले. पत्ता नव्हता. भिलाई म्हणजे केवढं मोठं गाव, मी पुढं कितीतरी पत्रं लिहिली, कारखान्याच्या कचेरीला, तिथल्या पोस्टमास्तरला, माझ्या उत्तम इंग्रजीत. एकही उत्तर आलं नाही. आत्या त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वारली. तिच्या यजमानांनी त्यानंतरही देवरावचं नाव कधी काढलं नाही.

बाबांना मी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. ते निवृत्त झाले होते आणि माझी जुनी डिक्शनरी पुन्हा बांधत होते. मी सगळं सांगितलं, पास, चिठ्ठी, दुपटं, भन्ते. ते पुठ्ठ्याला खळ लावत होते. हात थांबला नाही. कड सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघितलं, पुस्तकावर वजन ठेवलं आणि मग म्हणाले, "मले सांगतलं असतं त मीच नेलं असतं तिले. सायकलवर. बहीण होती माही." 

आता मेट्रोत कार्ड टेकवलं की फाटक उघडतं. कोणी कुठं जायचं ते विचारत नाही, आणि माझ्या आजूबाजूची माणसं त्यावर खूश असतात. मीही रोज टेकवते. गेल्या हिवाळ्यात एकदा काही काम नसताना लकडगंजला जाऊन आले. लाकडाची दुकानं अजून आहेत, पण बरीचशी प्लायवूडची. वास येतो तो डिंकाचा, थोडासा बाबांच्या बोटांसारखा. एका दुकानदारानं विचारलं, आजी, काय पाहिजे? मी काही नाही म्हणाले आणि परतीची बस धरली.

तर पास घ्यावा की सुटी तिकिटं, ते मला सांगता येत नाही. तुमच्याकडं फोन आहेत, तुम्ही चुकणार नाही. देवरावदादाची मुलगी असेल तर आता साठीच्या पुढं असेल, आजी झाली असेल. दुपटं माझ्या लोखंडी ट्रंकेत आहे. तुमची आई झाली तेव्हा माझ्या सासूबाईंनी ते बाहेर काढलं होतं, इतकं छान दुपटं ठेवून काय करणार म्हणून. मी त्यांच्या हातून घेऊन परत ठेवलं. तुमच्या वेळीही ठेवलं. ते ज्या बाळासाठी शिवलं होतं त्याच्याखेरीज कोणालाही मी त्यात गुंडाळलं नाही. दर दसऱ्याला ऊन दाखवते आणि त्याच घड्यांवर घडी घालते. मधल्या घडीत ती चिठ्ठी आहे, अकरा आता दिसतही नाही. तेव्हापासून मी कागदाच्या एकाच बाजूला लिहिते.